लोटलेलं दार

दार लावणं वेगळं आणि लोटून ठेवणं वेगळं.
त्या रात्री मी लोटून ठेवलं.

शिंचूमध्ये नोव्हेंबरचा वारा सुटला होता,
कारखान्याचे पत्रे धरून हलवणारा.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघे
आणि बाकावर चाळीस पांढरे राउटर,
दोन-दोन शिंगं उभारून बसलेले.
सकाळी सहाला माल गाडीत चढायचा.
तपासणीवरची यू-त्झेन म्हणाली,
डबा अडकला की आत शिरायला काहीतरी ठेव,
दर वेळी का स्क्रू काढत बसू?
मी एक पासवर्ड ठेवला.
पासवर्ड कसला, सात आकडे,
भिंतीवरच्या तेलकट कागदावरून उचललेले:
रात्रपाळीला शेवया पाठवणाऱ्या दुकानाचा फोन.
सकाळी काढून टाकतो, म्हणालो.
सकाळी मी झोपलो होतो.

डबे गेले. किती, ते हिशेबनिसाला ठाऊक.
कुठे फ्रिजवर चढले, कुठे माशांच्या टाकीमागे,
कुठे क्रोशाच्या रुमालाखाली, देवाघरच्यासारखे झाकून.
लोकांनी पुढच्या दाराला आपापली कुलपं घातली,
कुत्र्याचं नाव, लग्नाची तारीख,
आणि निश्चिंत झोपले.
मागचं दार आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.
मीही विसरलो होतो.

चौदा वर्षांनी पत्र आलं, पोर्तो अलेग्रीहून.
जुरेमा नावाची मुलगी.
लिहिलं होतं: फर्मवेअर सोललं, कांद्यासारखं,
एका पापुद्र्यात सात आकडे सापडले, उघडेच,
आणि फाईलच्या कोपऱ्यात तुमचं नाव.
कंपनीला चार वेळा कळवलं.
उत्तर एकच: या उत्पादनाचं आयुष्य संपलेलं आहे.
दिव्याला मात्र तसं कुणी कळवलेलं नाही,
मावशीच्या घरी तो अजून हिरवा आहे.

मावशीने चष्मा लावून बँकेचं पान उघडलं होतं.
तोच निळा रंग, तेच चिन्ह, तीच नमस्काराची ओळ.
फक्त बँक नव्हती ती.
पत्ता सांगणाऱ्यालाच कुणीतरी फितवलं होतं.
शिवणकामाचे अकरा महिने
एका दुपारी गेले.

शेवटी तिने लिहिलं होतं:
आकडे टेलिफोनचे वाटले, म्हणून लावून पाहिले.
एका म्हातारीने उचलला. काहीतरी विचारलं.
मला कळलं नाही. मी माफी मागून ठेवून दिला.
काय विचारलं असेल?

मला ठाऊक आहे काय विचारलं.
किती वाट्या.

मी उत्तर लिहायला बसलो, तीन ओळी खोडल्या,
आणि कोट चढवून दुकानात गेलो.
अ-मान काकू अजून गल्ल्यावर.
एक वाटी, म्हणालो. बसलो.
आणि गल्ल्यामागे, हिशेबाच्या वह्यांवर,
शिंगं पिवळी पडलेला तो दिसला.
पहिल्या खेपेतला.
मीच आणून दिला होता,
इतक्या रात्रींच्या शेवयांची परतफेड म्हणून.
त्याच्या पोटात तिचाच नंबर,
आणि तो जगातल्या कुणालाही तिच्या घरात घेणारा.

हा बंद करू का, मी विचारलं.
काकू म्हणाल्या, वेडा झालास?
ऑर्डरी यावरूनच येतात. नातू यावरूनच दिसतो, व्हँकुव्हरचा.
आणि माझ्याकडे चोरायला काय आहे?
मी सांगू लागलो की प्रश्न चोरीचाच नाही,
तुमच्या घरातून निघून हा रात्री
दुसऱ्यांची दारं ठोठावत असेल.
त्यांनी वाटीत आणखी रस्सा ओतला.
तू लहानपणापासून असाच, त्या म्हणाल्या,
मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो.

नवा आणतो, म्हणालो.
कधी?
उद्या सकाळी.

तोंडातून गेल्यावर ऐकू आलं मला ते.
चमचा तसाच राहिला.
बाहेर पोरगं शटर ओढत होतं,
वाऱ्याने ते अर्ध्यावर अडकलं
आणि त्याने ते तसंच सोडलं.

मी वायर हातात धरून
रस्सा निवेपर्यंत बसून होतो.