घर्षण नगण्य माना

उदाहरण सातवं.
नऊशे किलो वस्तुमानाचा एक डबा
एकशे वीस मीटर उंचीवरून, तारेवरून, खाली येतो.
तळाशी त्याचा वेग काढा.
घर्षण नगण्य माना.

मी चौकट आखते. दिलेलं एवढं, शोधायचं एवढं.
बाबा शेगडीपाशी अक्रोड फोडतायत.
च्यातुरात आज लवकर अंधारलंय,
दरीच्या दोन्ही अंगांना दिवे, मधे नुसती नदी
आणि जुन्या तारा, कावळ्यांना बसायला.

"काय म्हणतंय पुस्तक?"
मी वाचून दाखवते.
"नगण्य म्हणजे?"
म्हणजे धरायचं नाही. मोजण्याइतकं नसतं ते.
हातातला अक्रोड ते खाली ठेवतात.
"मग एकतीस वर्षं त्या ब्रेकच्या खोलीत
मी काय करत होतो, मकवला?"

मी सूत्र लिहिते.
वरची सगळी स्थितिज खाली गतिज होते,
वस्तुमान दोन्हीकडून कटतं,
म्हणजे डब्यात कोण बसलंय याला काही अर्थ उरत नाही.
हे तर त्यांना मुळीच पटत नाही.
"लामारा पिठाचं पोतं घेऊन चढली
की मला दांड्यात कळायचं.
सकाळच्या पाळीचे खाणवाले जड,
रात्रपाळीचे परतणारे त्याहून जड.
आणि एक डबा उतरतो तेव्हा दुसरा चढतो.
तो कुठाय तुझ्या पुस्तकात?"
कप्पीचा धडा पुढे आहे, मी म्हणते.

वेग येतो सेकंदाला एकोणपन्नास मीटर.
"ताशी सांग."
ताशी एकशे शहाहत्तर किलोमीटर.
बाबा इतके हसतात की खोकला लागतो.
"असा उतरवला असता
तर अर्धं गाव नदीत
आणि उरलेलं अर्धं माझ्यामागे, काठ्या घेऊन!"

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, उलटं छापलेलं,
उत्तर तेच आहे. एकोणपन्नास.
तरी वही मिटवत नाही मी.
तुम्ही कितीच्या वेगाने टेकवायचात?
ते उठतात,
पलंगापासून दारापर्यंत चालून दाखवतात,
झोपलेलं मूल घेऊन चालावं तसे.
"एवढ्या."
सेकंदाला एक मीटर. फार तर.

वर होते दहा लाख ऐंशी हजार ज्यूल.
खाली पोचले साडेचारशे.
बाकीचे कुठे गेले, ते त्यांना केव्हापासून ठाऊक आहे:
हिवाळ्यात ब्रेकच्या पत्र्यावर
राजमा भरलेली रोटी गरम व्हायची,
तिकिटं फाडणारी त्सिआला मोजे वाळवायची,
आणि आई पाळीवर असली की त्या उबेला
मला निजवलेलं असायचं.
मला आठवतो फक्त ग्रीसचा वास.

वजाबाकी मांडते.
शून्यातून पाच जात नाहीत.
शेजारच्या घरी शून्य, त्याच्या शेजारी शून्य,
थेट आठापर्यंत जाऊन
हातचा आणावा लागतो.
बाबांचा उजवा हात टेबलावर आहे,
दांड्याच्या मुठीएवढा वळलेला,
आता पूर्ण उघडत नाही.

दहा लाख एकोणऐंशी हजार पाचशे पन्नास.
कुताइसीच्या परीक्षेत याला मार्क नाहीत.
ते आकडा वाचतात, पुन्हा वाचतात,
मग अक्रोडाचा अख्खा निघालेला गर
माझ्याकडे सरकवतात.
"आठवं वाच," म्हणतात,
"त्यात कोणाला नगण्य केलंय, बघू."