भाग क्रमांक एकशे बारा

शाळेला दिवाळीची सुट्टी. मला यादी.
कार्टर रोडचे पाच टॉवर, चार जुन्या इमारती,
एक हजार चौदा नावं
आणि पॅडला सुतळीने बांधलेलं एक निळं बॉलपेन.

वॉचमन विचारतो, कुठून आलात?
मी म्हणते, सरकारकडून.
तो म्हणतो, मग सर्व्हिस लिफ्टने जा.

लिफ्टमध्ये माझ्यासोबत
बर्फातला रावस, हँगरवरचे सतरा शर्ट,
एक लॅब्राडोर आणि त्याला फिरवणारा पोरगा.
कुत्र्याच्या गळ्यात नाव आणि फोन नंबर.
पोराच्या गळ्यात काळा दोरा.

तिसऱ्यावर ओलिंडा परेरा, वय एक्क्याण्णव.
तिच्या बंगल्याच्या जागेवरच हा टॉवर उभा आहे.
दारातल्या आंब्याचं म्हणे रिसेप्शनचं टेबल केलं,
येता-जाता ती त्याच्यावर हात ठेवते.
यादीत नवरा अजून जिवंत.
काढू का नाव?
म्हणाली, एवढं इलेक्शन होऊन जाऊ दे गो.

अकराव्यावर तीन फ्लॅट फोडून एक केलेला.
मेलवानी, एकूण नऊ.
त्यातले सहा दुबई, सिंगापूर आणि टोरांटोला.
तात्पुरते गेलेत की कायमचे? मला एकाच चौकटीत खूण करायचीय.
आई बराच वेळ विचार करते.
तात्पुरते.
किती वर्षं झाली?
एकोणीस. थांबा, फराळ घ्या.

तेरावा मजला नाहीच.
बारानंतर लिफ्टचं बटण थेट चौदा दाखवतं.
समुद्राला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

एकोणिसाव्यावर प्रभुदेसाई.
यस? म्हणाले.
मी मराठीत बोलले, मग तेही बोलले,
जपून,
लग्नकार्यालाच बाहेर काढतात त्या चांदीच्या वाटीसारखं.
निघताना विचारलं, गाव कुठलं तुमचं?
मी सांगितलं. त्यांना ऐकून माहीत होतं.

काही दारं उघडलीच नाहीत.
घंटा आत कुठेतरी लांब वाजायची,
दुसऱ्या तालुक्यात वाजावी तशी.

सव्विसाव्यावर समोरची अख्खी भिंत काचेची
आणि तिच्यावर छतापासून फरशीपर्यंत जाड पडदा.
उन्हाने सोफ्याचा रंग उडतो, मॅडम म्हणाल्या.
मी पडद्याकडे बघत राहिले.
त्यामागे भरती असावी.
या घरात समुद्राचे पैसे वेगळे मोजलेत,
चौरस फुटामागे,
आणि तो अजून खोक्यातच आहे.

पाणी घेऊन आली ती थांबली.
ट्रे छातीशी धरून, हळू आवाजात:
यादीत बासमती किस्कू आहे का?
मी पानं उलटली. आहे की नाही ते मला माहीतच होतं.
मयूरभंजहून आली तेव्हा सतरा वर्षांची होती.
आता एकतीस.
स्वयंपाकघरामागे तिची खोली,
खिडकी डक्टवर उघडते. पावसाळ्यात
पाइपातून पाणी पडतं त्याला ती
समुद्र म्हणते, हसून.

सहा नंबरचा फॉर्म मी तिथेच भरला.
नाव. वडिलांचं नाव. जन्मतारीख अंदाजे.
राहत असल्याचा पुरावा?
मॅडम म्हणाल्या, सोसायटीला विचारावं लागेल,
उगाच पुढे काही लफडं नको.
बरोबर आहे, मी म्हणाले. मी शिक्षिका आहे,
बरोबर आहे म्हणायची सवय असते.

सर्व्हिस लिफ्टच्या दारात ती धावत आली.
हातात सोसायटीचा गेटपास:
नोकर, पूर्णवेळ, फ्लॅट २६०२.
मागे चौदा शिक्के, दर वर्षाचा एक.
या इमारतीत इतकी काटेकोर नोंद
दुसऱ्या कुणाची नसेल.

मान्य कागदपत्रांच्या यादीत गेटपास नाही.
तरी जोडला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पत्त्यावर प्रत्यक्ष आढळली.
अक्षर जरा मोठं आलं.

खाली बाकावर बसून कागद लावले.
पलीकडे तिवरांत ओहोटी, चिखलाचा वास,
चारशे रुपयांची कॉफी घेऊन चालणारे लोक.
पासवरच्या फोटोला मारलेली पिन खाऱ्या वाऱ्याने गंजलेली,
तिचा तांबूस डाग मुलीच्या कपाळापर्यंत उतरलेला.
ऑफिसात म्हणतील, नवी पिन मारा.

मी ती तशीच ठेवली आहे.