फुंकणी

चौथ्या दिवशी खपली धरली
आणि मी ती नखानं काढली.
कडीवर जादा बसलेला डाख
नखानंच काढते मी रोज, तशी.

हुपरीत, आमच्या गल्लीत,
ओठाला काय झालंय कुणी विचारत नाही.
शेगडीसमोर बसणाऱ्यांचे ओठ फुटायचेच.
गौराक्का म्हणाली, रात्री कातीण मुतली, तांदूळ वाटून लाव.
राजमती म्हणाली, अंगातला ताप बाहेर पडतोय, पडू दे.
मी पडू दिला.

मग उजव्या तर्जनीवर,
नखाच्या कडेला, जिथं तार रोज टोचते,
एक फोड आला.
दुसऱ्या दिवशी त्याला चिकटून तीन,
पाणी भरलेले,
पैंजणाच्या शेवटच्या झुपक्यासारखे.
वाजत नव्हते एवढंच.
ठणकत होते.

तेव्हा पहिल्यांदा पोटात गलबललं.
हे चालतं की काय अंगावरनं?
ओठावरनं निघून बोटावर उतरलं,
आता पुढचा थांबा कुठला?

सीपीआरला केसपेपर काढायलाच दीड तास गेला.
डॉक्टर मुल्लाणी, माझ्याहून लहान पोरगी.
तिनं बोट उजेडात धरलं,
गुजरीत सोनार धरतो तसं,
फक्त हातमोजा घालून.
“ओठावरचंच आहे हे,” म्हणाली.
“तुम्हीच नेलंय.”

तिनं रागावून नाही सांगितलं,
म्हणून जास्त लागलं.

“धड कातड्यातनं ते सहसा शिरत नाही,
चीर लागते, ओली जागा लागते.
तुम्ही ती तारेनं करून ठेवलेली.
फोड फोडू नका. डोळ्याला हात नको,
बुबुळावर व्रण पडला तर काम सुटेल तुमचं.”
अंगभर पसरंल का हो?
“धडधाकट माणसाला सहसा नाही.
पहिल्या खेपेला भीती जास्त,
नंतर अंग त्याला ओळखायला लागतं.”
मग बरं होतंय म्हणा की.
“फोड बरा होतो. ते आत जातं,
शिरेच्या मुळाशी निजतं.
ऊन, जागरण, ताप, कशानंही उठतं परत.”

अजून एक विचारायचं होतं.
मागं ओळीत बापाच्या वयाचा माणूस खोकत होता.
पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
तिनंच लिहिता लिहिता, वर न बघता, हळू म्हटलं,
“तोंड लागेल तिथं जाऊ शकतं. खालीसुद्धा.
घरात सांगा.”
गोळ्या पाच दिवसांच्या.

येताना यष्टीत खिडकीशी बसले
आणि फुंकणी आठवली.

पितळेची. तोंडाशी जराशी वाकलेली.
घरात एकच.
हे फुंकतात, मी फुंकते, दीर फुंकतो,
संध्याकाळी राजमतीचा सन्मती येतो शिकायला,
चौदाचा आहे, गाल अजून भरत नाहीत त्याचे.
नाकानं श्वास घ्यायचा, गालानं सोडायचा,
ज्योत तुटू द्यायची नाही.
दम संपला की फुंकणी दुसऱ्याच्या तोंडात.
पुसायला वेळ कुठला.

असंच मला शिकवलं होतं दादाकाकांनी.
मी अकरा वर्षांची.
त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात
दर उन्हाळ्यात काहीतरी यायचं.
आम्ही पोरी हसायचो.
त्यांच्यानंतर लगेच फुंकणी तोंडात धरली
की पितळ गरम लागायचं, थोडं खारट.
डाख कसा धरतो ते
आणि हे,
बहुतेक एकाच दुपारी आलं माझ्याकडं.

त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
जाब कुणाला विचारू,
आणि विचारायचाय तरी का?

घरी पोचले तर जाऊ न्हाऊन उन्हात बसलेली,
मांडीवर एकवीस दिवसांचं पोरगं.
“घ्या की, काकूची वाट बघतंय.”
मी दारातच थांबले. बोट पाठीमागं.
नको, म्हटलं, बाहेरनं आल्ये.
हातपाय धुऊन आले तरी नकोच म्हटलं.
तिचा चेहरा बदलला.
दहा वर्षांत माझी कूस उजवली नाही,
ते तिच्या डोळ्यात येऊन बसलं.

तिला सगळं सांगायचंय. सांगेन.
आधी तीन फुंकण्या आणायच्या गुजरीतनं,
सन्मतीची वेगळी, वरती दोरा बांधून.

तोवर लांबनंच बघितलं मी त्याला.
पायात मीच केलेले वाळे,
जरा मोठेच झालेत.
झोपेत पाय झाडला त्यानं,
एक निघून चटईवर पडला.