क्षार

जुबैलला, समुद्र गोड करायच्या कारखान्यात
अकरा वर्षं मी नळ्या साफ करतो.
पाणी तापतं, वाफ पुढे जाते, मागे राहतो क्षार,
तव्याला चिकटलेल्या धिरड्यासारखा.
आम्ही त्याला आम्ल पाजतो. सुटतो. पुन्हा धरतो.

माझ्यातही धरलाय, हे कळायला
दोन मुतखडे लागले,
आणि रमजानातली ती संध्याकाळ,
पोटातून पाठीत कुणी पहार घातली तेव्हा
मंजूर इफ्तारच्या पंगतीतून उठला,
मला पिकअपमध्ये आडवं घातलं,
मुठीतला खजूर इस्पितळापर्यंत तसाच.

गळा मी काढायचा, तर काढला डॉक्टर हनाननी,
कागदावर, पेनाने. मागे चार ठिपके.
"तांदळाएवढ्या ग्रंथी असतात.
तुझी एक चिंचोक्याएवढी झालीय.
ती हुकूम सोडते, हाडं ऐकतात,
हाडांतला चुना रक्तात उतरतो."
मग खाली एक आडवं पान काढलं:
स्वादुपिंड. निम्मं जळालेलं.
साखर वाढली ती त्याच्यामुळे.
काय पण नाव!
ज्याच्यापायी चहासुद्धा सुटला.

घरी एवढंच सांगितलं, साखर निघालीय, हाडं दुखतात.
हेमलताने दापोलीहून येणाऱ्या माणसाबरोबर
दोन किलो नाचणीचं पीठ धाडलं.
आत चिठ्ठी: रोज घ्या, हाडांना चांगली,
साखरेलाही चालते, मीठ अर्धा चमचा.
रक्तात कॅल्शियम तेरा.
पिशवीची गाठ न सोडता पलंगाखाली सारली.
इन्सुलिन सामाईक फ्रिजमध्ये, अंड्यांच्या खणात,
मंजूरच्या सुरमईचा वास लागलेलं.

मंजुरीचा कागद तीन महिने फिरला.
मग गळ्यावर दोन इंचांची रेघ.
तिसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या,
बोटं आपोआप आत वळलेली.
घाबरलो. हनान म्हणाल्या,
"हाडं भुकेली आहेत.
इतकी वर्षं देत होती, आता मागतायत. घाल त्यांना."
गोळ्या दिल्या, मोठ्या, खडूसारख्या.

खोलीवर आल्यावर पिशवी ओढली.
एका कोपऱ्यात टोके झाले होते. चाळून घेतलं.
ताकात आंबील केली, मीठ अर्धा चमचा.
सुई आहेच, सकाळ-संध्याकाळ.
जळालेलं उगवत नाही.
सोमवारपासून पुन्हा नळ्या.
हलकं काम द्यावं, असं लिहून दिलंय.
फोरमनने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

रात्री हेमलता फोनवर:
नाचणी संपली असेल ना?
म्हटलं, आजच सुरू केली.
ती गप्प. पाठीमागे कुणाचा तरी पंखा कुरकुरत होता.
मग म्हणाली,
चार महिन्यांनी?