तिसऱ्यातून दुसऱ्यात

सावरोच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या,
एकाच वर्षीच्या, एकाच कारखान्यातल्या,
रंगही एकच, ओल्या पाटीचा.
एकीच्या मधोमध दांडा, त्यावर धातूची गोळी,
हाताळून हाताळून आकडे पुसट झालेली.
दुसरीला दांडाच नाही. स्टिअरिंगमागे
दोन पाती, सशाच्या कानांसारखी.
उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा.
"पापणी लवायच्या आत," सावरो म्हणाला,
आणि खरंच पापणी लववून दाखवली.

मी ठरवूनच आले होते. दांड्याची.
कारण बाबा.

बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही.
फूताच्या घाटात चाळीस वर्षं त्यांनी
चीजची गाडी चालवली, बोलोन्याहून फिरेंझुओलाला,
आणि रविवारी मालकाची लाल, दोन आसनांची.
लोक इंजिन ऐकून गिअर बदलतात,
बाबा तळव्यानं बदलायचे.
गोळीची थरथर रव्यासारखी आहे तोवर थांबायचं,
मैद्यासारखी झाली की पुढचा.

गाडी सुरू झाली की आमच्यात अबोला.
भांडण नव्हे. हात कामात असायचे
आणि आमची भाषा तर हातांतच.
वळणांवर एकच शब्द उरायचा:
खाली गोळी, गोळीवर माझा हात, माझ्या हातावर त्यांचा.
दाब आला म्हणजे आता.
दाब नाही म्हणजे थांब, पोरी.
अठराव्या वर्षी मी अशी शिकले,
क्लच माझा, निर्णय त्यांचा.

तर आधी पात्यांची गाडी काढली,
नाकारायची तर निदान चालवून.
लोइआनोच्या वर, चेस्टनटच्या रानातून
मी पेडल तळाला टेकवलं
आणि स्टिअरिंगच्या माथ्यावर दिवे लागत गेले:
हिरवा, हिरवा, पिवळा, तांबडा,
मग सगळे एकदम निळे, लुकलुकणारे.
बाबा सीटवर ताठ झाले.
माझ्या खांद्यावर दोन बोटं. हे काय?

मी एका चॅपेलपाशी गाडी थांबवली. हात मोकळे केले.
इंजिनचा आवाज, मी सांगितलं.
तो चढतो तसे दिवे चढतात.
निळे म्हणजे ओरडतंय, आता बदल.

बाबा बराच वेळ विझलेल्या दिव्यांकडे बघत राहिले.
हे तुम्हा सगळ्यांना ऐकू येतं?
येतं.
नेहमी?
नेहमी.
मग बोटं झटकून, जरा रागानंच:
इतकं सोपं होतं होय?

पाच वेळा घाट चढलो, पाच वेळा उतरलो,
सावरोच्या पेट्रोलवर.
दिवे निळे व्हायच्या क्षणी बाबा हवेत चुटकी वाजवत
आणि मी पाती ओढत असे.
ती चुटकी त्यांनाच ऐकू येत नव्हती.

मग दांड्याची गाडी.
माझ्या हातावर त्यांचा हात, जुन्या सवयीनं.
तेच वळण, तिसऱ्यातून दुसऱ्यात,
मी दाबाची वाट पाहिली.
दाब आलाच नाही.
शेवटी घाईनं माझा मीच टाकला आणि दाते
असे करकरले की खाली अंगणात सावरोनं
कान धरले म्हणे.
बाबा मात्र समोरच्या रस्त्याकडे बघत होते.
त्यांना काहीच कळलं नव्हतं.

सपाटीवर आल्यावर त्यांनी हात उचलला,
उताणा करून माझ्यापुढे धरला,
आणि दुसऱ्या हातानं सांगितलं:
बधिर आहे. पाच-सहा वर्षं झाली.
रवा नाही, मैदा नाही.
तुला कशाला सांगायचं.

सावरोनं विचारलं, "मग, कोणती?"
मी म्हटलं, शनिवारी कळवते.
त्यानं दोन्ही किल्ल्या खिळ्याला टांगल्या, शेजारी शेजारी.

रात्री सूप पिताना सहज खाली बघितलं.
टेबलाखाली बाबांचा डावा पाय
चपलेत निवांत पडला होता.
माझा दबत होता, सुटत होता,
दबत होता.