कात

ग्रिम्झबीच्या या वॉर्डातून समुद्र दिसत नाही.
दिसतो कार पार्क, आणि त्याच्या कडेला
कुणाच्या तरी चिप्सवर टपलेले तीन सीगल.
डॉरीन लेगट, वय अठ्ठ्याहत्तर,
उशीला टेकून त्यांना शिव्या घालतेय.
म्हणजे ताप नाही.

चार दिवसांपूर्वी तिच्या आतड्याची दीड वीत
कापून बाहेर काढली,
उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडली
आणि पोट मिटलं.
कशाने मिटलं ते मला ठाऊक नाही.
दोन दोरे होते. एक साधा.
दुसऱ्याला जंतुनाशकाचा हात दिलेला;
मळ वाहतो त्याच्या शेजारीच शिवायचं,
तर दोऱ्यानेच राखणही करावी, अशी कल्पना.
कुणाला कुठला, ते संगणकाने ठरवलं,
सर्जनने घातला, वहीत एक आकडा पडला,
आणि दोघींना अंधारात ठेवलं,
तिला, आणि जखम तपासणाऱ्या मला.
सही करताना ती म्हणाली होती,
"लॉटरी म्हण की सरळ."

"कशात बुडवतात गं तो दोरा?"
मी नाव सांगितलं.
तिला ते टूथपेस्टचं वाटलं.
मग ती निघालीच, आईच्या स्वयंपाकघरात:
दाराच्या हुकाला अडकवलेलं, बाईच्या उंचीचं जाळं,
आणि सात वर्षांच्या डॉरीनकडे
लाकडी सुयांत सुतळी भरायचं काम.
आधी सुया, मग शाळा.
सुतळी तपकिरी, आईचे हात तपकिरी,
रविवारी चर्चमध्ये हातमोजे, भर जुलैतसुद्धा.
"नुसतं सूत खाऱ्या पाण्यात सडतं.
कच् लावायचे त्याला. कच्.
कुठल्याशा झाडाचं. बोटीने यायचं,
तुमच्याच बाजूने म्हणे."

कच्.
मी पट्टी हातात धरून उभी.
कात गं बाई, कात!
हर्णैच्या आमच्या पानवाल्याच्या डबीतला,
खैर उकळून आटवलेला,
कातकऱ्यांना नाव देऊन बसलेला.
साप टाकतो ती कात वेगळी,
सूत कातायचं ते कातणं वेगळं,
हे इंग्रजीत कसं सांगू हिला?
सांगून पाहिलं.
ती म्हणाली, "एकाच पिशवीत इतकं कोंबता?
तुमच्याकडे शब्दांना भाडं पडतं का?"

पट्टी काढली.
वरचे टाके कोरडे, शहाण्यासारखे.
खालचं टोक, बेंबीच्या चार बोटं खाली,
लालसर. गरम.
दाबलं. तिने छताकडे पाहिलं.
एक थेंब. पाण्यासारखा नव्हे.

फॉर्मवर दोन चौकोन असतात.
पेन मी जरा जास्तच वेळ धरून ठेवलं असणार.
"लिही," ती म्हणाली.
"तपकिरी जाळ्यांनाही आई ठिगळं लावायचीच.
कमी लावायची, एवढंच."

निकालाला अजून दोन वर्षं.
आठशे पोटं मोजून व्हायचीत.
तोवर तिच्यातला दोरा, साधा की राखणदार,
विरून गेलेला असेल.
ज्याच्याबद्दल उत्तर येईल
तोच नसेल जागेवर.
"माझं जाऊ दे," ती म्हणाली, "दोऱ्याचं मात्र कळव."
पत्ता लिहून दिला. खाली मुलीचाही,
क्लीथॉर्प्सचा, मोठ्या अक्षरांत.

रात्री घरी युनिफॉर्मचं बटण लावायला बसले.
दिवसभरात चाळीसदा धुतलेले हात,
आणि दोरा काही सुईत जाईना.
टोक ओठांत ओलं केलं, ओवलं,
गाठ मारून दातांनी तोडलं.
साधा कापूस. त्याला चव नसते.
तरी थोडा वेळ जिभेवर
तुरट काही लागतंय का,
बघत बसले.