नाही शेवटी येतं

खासबागेत, मागांच्या खडखडाटाला लागून
माझं दुकान: लग्नपत्रिका, घरफाळ्याचे अर्ज,
दोन्ही लिप्यांत.
कन्नडला पानामागं पाच रुपये जास्त घेते,
जोडाक्षरं खाली लोंबतात आणि मान दुखते.

त्या रात्री गिऱ्हाइकासाठी नाही,
स्वतःसाठी टाइप केलं. फोनवर, अंगठ्यानं,
गल्लीच्या ग्रुपला. अकरा ओळी.
नऊ दिवस नळ कोरडा,
पलीकडच्या कॉलनीला दिवसाआड पाणी,
आणि व्हॉल्व्हची किल्ली कुणाच्या फोनवर फिरते
ते नाव, पदासकट.
शेवटी, गल्ली त्या एकट्यावरच ओरडते म्हणून:
यमनप्पा चोर नाही.

कुणाच्या तरी छोट्या स्क्रीनवर
ओळ "चोर"पाशी मोडली.
"नाही" खाली गेलं, एकटं.
फोटो काढणाऱ्यानं तेवढंच कापलं.

सातला अनगोळ, आठला येळ्ळूर,
साडेआठला कुणीतरी ते कन्नडात घातलं.
आमच्यातल्यांनी अंगठे दिले: शाब्बास, वाघीण.
त्यांच्यातल्यांनी दुकानाचा पत्ता दिला.
उभ्या जन्मात एका ओळीवर न आलेली माणसं
एका ओळीवर आली
आणि ती ओळ माझी नव्हती.

शिव्या सोसल्या.
शाब्बासकी सोसवेना.

दुपारी मामा आले, चप्पल न काढता.
"बरोबर लिवलीस तू. खरं..."
आणि तिथंच थांबले.
आमच्याकडं खरं म्हणजे पण.
खरं म्हणजे खरंसुद्धा.
त्यातलं कुठलं त्यांच्या घशात अडकलं
मी विचारलं नाही. चहा दिला.

संध्याकाळी ॲडमिननं कुलूप घातलं:
आता फक्त ॲडमिनच लिहू शकतात.
आत, अर्धं वाक्य सुखरूप.

मी स्कूटर काढली, जुन्या बेळगावात गेले.
यमनप्पाच्या पिंपातही तळाला चार बोटंच.
त्याच्या मुलीनं फोन माझ्यापुढं धरला,
बोलली काही नाही.
उंबऱ्यात बसून अकराच्या अकरा वाचल्या,
आधी मराठीत, मग माझ्या मोडक्या कन्नडात.
कळ्ळ, म्हटलं,
आणि दम संपला.
तो थांबला.
मुलगी थांबली.
अल्ल, म्हटलं.

दोन्ही भाषांत नाही शेवटी येतं.
आधीच उठून गेलेल्याला
आपण कायम उलटेच ऐकू येतो.

"येंडच्या घरांचं असंच असतंय अक्का,"
यमनप्पा म्हणाला. "प्रेशर पोचतच नाही."

रात्री परत दुकान उघडलं.
"चोर" आणि "नाही" यांच्यामधे
न तुटणारी जागा घातली.
ती दिसत नाही. पण ओळ मोडलीच
तर दोघं मिळून खाली जातात.
समोरच्या मागावरून वाटीभर खळ आणली,
शटरवर कागद डकवला, डावीकडं मराठी,
उजवीकडं कन्नड. खाली माझं नाव,
चंद्रभागा होनगेकर, आणि नंबर.

शुक्रवारी पहाटे तो आला,
खांद्यावर लोखंडी किल्ली.
उजवी बाजू बोट लावून लावून वाचली,
सगळी. मग वर चढला,
नावापाशी, पदासकट.
तोवर दोन पोरं फोटो काढून गेली होती.
पुरा काढला का, मी बघायला गेले नाही.

"हे कुणी विचारलं काय वो, अक्का?"

अजून, मी म्हटलं,
आणि तो पुढच्या शब्दासाठी थांबला.